न बांधलेले मॉकअप

विमान बांधण्याआधी त्याचे सोंग उभे करायची एक जुनी रीत होती. लाकूड, प्लायवूड, पत्रा असे मिळेल ते घेऊन खऱ्या मापाचे खोटे विमान कारखान्याच्या कोपऱ्यात रचायचे. इंजिनिअर त्याला मॉकअप म्हणत. हा शोभेचा प्रकार नव्हता. त्यात भरपूर पैसा आणि कित्येक महिने जात. तरी ते टाळता येत नसे, कारण विमान हजारो कागदांवर हजारो हातांनी काढलेले असे. हायड्रॉलिकची नळी आखणारा एका मजल्यावर, हवेचा डक्ट आखणारा दुसऱ्या इमारतीत. दोघांचेही कागद बिनचूक, आणि प्रत्यक्षात नळी डक्टच्या पोटातून आरपार. हे भांडण कागदावर दिसत नाही. म्हणून धातूत होण्याआधी ते लाकडात उरकून घ्यायचे.

बोइंगचे पहिले ७४७ विमान ३० सप्टेंबर १९६८ रोजी एव्हरेटच्या कारखान्यातून बाहेर आले. जो सटर यांच्या हाताखालच्या मंडळींनी त्यासाठी सुमारे ७५ हजार ड्रॉइंग्ज केली होती. पोटाची, पंखाची वळणे मात्र साध्या ड्रॉइंगवर मावत नाहीत. ती खऱ्या मापात काढायची विद्या विमानवाल्यांनी फार पूर्वीच जहाजवाल्यांकडून उचललेली होती. लॉफ्ट नावाच्या लांबरुंद दालनात एक लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजागी दाबून धरायची आणि तिने घेतलेला बाक पेन्सिलीने गिरवायचा. पट्टी जिथे सहज वळते तिथून हवाही सहज वाहील, असा त्यामागचा भरवसा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थ अमेरिकन कंपनीच्या रॉय लायमिंग यांनी मस्टँग विमानाची वळणे शांकवांच्या गणितात बसवली, पण इतर ठिकाणी बरीच वर्षे पट्टी आणि पेन्सिलच चालू राहिली. जुळणीच्या वेळी दोन भागांत फट राहिलीच, तर पातळ पत्र्याची शिम सरकवून ती भरायची. शिम हा त्या धंद्यातला रोजचा शब्द होता. तिच्याबद्दल कुणाला लाज वाटत नसे.

ही माणसे संथ होती असे मात्र कुणी समजू नये. १९४३ साली लॉकहीडच्या केली जॉन्सन यांनी एक्सपी-८० या जेट विमानाचा पहिला नमुना १४३ दिवसांत उभा केला, तोही स्लाइड रूल आणि ड्रॉइंग बोर्डाच्या जिवावर. त्यामुळे संगणकाने वेग आणला हे वाक्य मी जरा जपून वापरतो. चमू लहान असेल, सगळे विमान डोक्यात धरणारा एक माणूस समोर बसलेला असेल, तर कागद पुरतो. जिथे सगळे विमान कुणाच्याच डोक्यात मावत नाही, तिथे तो अपुरा पडतो. संगणकाकडे विमानवाल्यांनी धाव घेतली ती घाईपेक्षा या गर्दीपायी.

वळण गणितात पकडण्याचे मोठे काम फ्रान्समधल्या मोटारवाल्यांनी केले. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए, दोघांनी एकमेकांच्या नकळत जवळजवळ तीच रीत शोधली: मोजके बिंदू द्या, त्यांच्यामधून वळण आपोआप ठरेल, बिंदू हलवा, वळण हलेल. सिट्रोएनने आपल्या माणसाचे काम गुपित ठेवले, म्हणून ती वळणे जगभर बेझिएच्या नावाने ओळखली जातात. दसॉ या फ्रेंच विमान कंपनीत १९७७ मध्ये फ्रान्सिस बेर्नार यांनी असल्याच गणितावर एक प्रणाली लिहायला घेतली. गरज अगदी मर्यादित होती. वायुबोगद्यात ठेवायचे छोटे नमुने बनवायला महिनोन् महिने लागत, ते काम आठवड्यांवर आणायचे होते. १९८१ मध्ये त्यासाठी दसॉ सिस्टिम्स ही वेगळी कंपनी निघाली, प्रणालीचे नाव कॅटिया ठरले आणि आयबीएमने ती जगभर विकायला घेतली. या कॅटियाचा आपल्याकडचा धागाही सांगण्यासारखा आहे. गोदरेजच्या घरात जन्मलेली जिओमेट्रिक ही कंपनी आणि दसॉ सिस्टिम्स यांनी २००२ मध्ये थ्री-डी पीएलएम नावाची भागीदारी सुरू केली, आणि फ्रेंच विमानांसाठी जन्मलेल्या या सॉफ्टवेअरवरचे बरेच काम तेव्हापासून पुण्यात होऊ लागले.

आता १९९०. बोइंगला ७६७ आणि ७४७ यांच्या मधल्या आकाराचे एक विमान हवे होते. एअरबसची ए३३० आणि ए३४०, मॅकडोनल डग्लसचे एमडी-११ ही त्याच गिऱ्हाइकासाठी रांगेत उभी होती. ऑक्टोबरमध्ये शिकागोत युनायटेड एअरलाइन्सशी बोलणी झाली. युनायटेडचे म्हणणे एकच होते: विमान पहिल्या दिवसापासून नीट चालले पाहिजे. ७४७ च्या नव्या आवृत्तीने सेवेत येताना जो त्रास दिला होता, तो त्यांना पुन्हा नको होता. दोन्ही बाजूंनी हाताने लिहिलेल्या एका कागदावर सह्या केल्या आणि ३४ विमानांची पक्की मागणी नोंदली गेली. कागदाविना आखलेले पहिले मोठे प्रवासी विमान म्हणून ज्या ७७७ ची कीर्ती झाली, त्याची सुरुवात अशी एका हस्तलिखिताने झाली.

पहिल्या दिवसापासून नीट चालणारे विमान द्यायचे तर जुळणीच्या वेळी चुका निस्तरत बसायची सवय मोडायला हवी होती. प्रकल्पाचे प्रमुख फिल काँडिट आणि अभियांत्रिकी सांभाळणारे, पुढे प्रकल्पप्रमुख झालेले अ‍ॅलन मुलाली यांनी ठरवले की अख्खे विमान कॅटियावर घन रूपात काढायचे आणि संगणकातच जुळवून बघायचे. २२०० संगणक टेबलांवर मांडले गेले आणि आयबीएमच्या आठ मोठ्या मेनफ्रेमना जोडले गेले. विमानाच्या सांगाड्याचा सुमारे पाचवा हिस्सा जपानी कंपन्या बांधणार होत्या, त्यामुळे तारा पॅसिफिक ओलांडून जपानपर्यंत गेल्या. एक भाग दुसऱ्याच्या जागेत घुसला की संगणक ते दाखवून देई. कॅटिया-मॅन नावाचा एक संगणकातला माणूसही त्यांनी तयार केला. त्याला पडद्यावरच्या विमानात वाकवायचे, रांगायला लावायचे आणि बघायचे, की हा दिवा बदलायला किंवा हा बोल्ट सोडवायला मेकॅनिकचा हात पोचतो का. पूर्वी हे मॉकअपमध्ये खऱ्या माणसाला कोंबून बघत.

या सगळ्यात संगणकाइतकीच, मला विचाराल तर संगणकाहून मोठी, गोष्ट होती ती माणसांच्या बसण्याची. बोइंगमध्ये तोवर आखणारा आखून कागद पुढे सरकवी, आणि बांधणारा तो बघून कपाळाला हात लावी. ७७७ साठी २३८ चमू केले. प्रत्येकात आखणारे, बांधणारे, खरेदीवाले आणि देखभालवाले एका टेबलाभोवती. त्यावर कडी म्हणजे गिऱ्हाइकालाही आत घेतले: युनायटेड, ब्रिटिश एअरवेज, जपान एअरलाइन्स, ऑल निप्पॉन, क्वांटास, कॅथे पॅसिफिक, डेल्टा, अमेरिकन. विमान कंपन्यांची माणसे फारशी आदब न राखता बोलत. पंखाखाली इंधन भरण्याची जागा इतक्या उंचावर काढली होती की विमानतळावरच्या गाड्यांवरून माणूस तिथे पोचला नसता. हे विमानतळावर काम केलेल्या माणसालाच दिसले. संगणकाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. काही कशावर आदळत नव्हते.

तरी बोइंगचा धीर पुरता झाला नव्हता. नाकाच्या भागाचे एक मॉकअप त्यांनी बांधलेच, पडद्यावरचे खरे की नाही ते पडताळायला. ते इतके जुळले की बाकीची मॉकअप रद्द झाली. १९९४ च्या सुरुवातीला पहिल्या विमानाचे मोठे तुकडे एकत्र आले तेव्हा नाकापासून शेपटीपर्यंतच्या रेषेतला फरक ०.०२३ इंच, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर निघाला. आधीच्या विमानांत अर्ध्या इंचापर्यंत चालून जाई. ९ एप्रिलला विमान लोकांसमोर आले आणि १२ जूनला जॉन कॅशमन यांनी ते पहिल्यांदा उडवले; पावणेचार तासांहून थोडे जास्त.

पण या कहाणीतला मला सर्वात आवडणारा दिवस त्यानंतरचा आहे. १४ जानेवारी १९९५ रोजी एव्हरेटमध्ये एक संपूर्ण ७७७ लोखंडी सांगाड्यात अडकवले आणि तारांनी त्याचे पंख वर ओढायला सुरुवात केली. उडताना येऊ शकणाऱ्या कमाल भाराच्या दीडपट भार पंखाने तोलायला हवा, असा नियम. संगणकात हा पंख केव्हाच मोडून झाला होता, कुठे मोडेल याचा हिशेबही तयार होता. तरी पंखांची टोके सुमारे २४ फूट वर गेली, आकडा १५४ टक्क्यांवर पोचला, आणि मग दोन्ही पंख तोफेसारखा आवाज करत मोडले. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर इतका विश्वास टाकलेल्या कंपनीनेही खरा पंख मोडल्याशिवाय विमान विकायला काढले नाही, आणि ते बरेच झाले. ७ जून १९९५ ला युनायटेडने प्रवाशांना घेऊन पहिले ७७७ नेले.

तेच कॅटिया, दहा वर्षांनंतर, अटलांटिकच्या पलीकडे. एअरबसचे ए३८० हे दुमजली विमान २७ एप्रिल २००५ रोजी तुलूझमध्ये उडाले तेव्हा सगळे आलबेल दिसत होते. या विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीच्या तारा आहेत: एक लाखाच्या आसपास तारा आणि ४० हजारांवर कनेक्टर. वजन वाचवायला बऱ्याच तारा अ‍ॅल्युमिनियमच्या घेतल्या होत्या, आणि अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याइतक्या घट्ट वळणात वाकवता येत नाही. पुढच्या आणि मागच्या पोटातल्या तारांचे जुडगे, म्हणजे हार्नेस, हॅम्बर्गमध्ये आखले आणि बांधले जात होते. हॅम्बर्ग कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीवर होते, तुलूझ पाचव्या. नाव एक, पण पाचवी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली. एकीतली माहिती दुसरीत नेताना गळती होई. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे आतली मांडणी बदलली की तारांचे मार्ग बदलत, आणि हा बदल एका देशाच्या पडद्यावरून दुसऱ्या देशाच्या पडद्यावर धड उतरत नसे. हॅम्बर्गहून आलेले हार्नेस तुलूझमध्ये विमानात ओढायला घेतले, तर शेवटच्या काही सेंटिमीटरला आखूड.

शिवायला टाकलेला सदरा आखूड झाला तर बाही जोडता येते. इथे तसे जोड देऊन भागण्यासारखे नव्हते. जर्मन कामगारांना मोठ्या संख्येने तुलूझला आणले आणि ते विमानाच्या पोटात बसून हाताने तारा घालू लागले. मॉकअपच्या काळात माणूस विमानात शिरून जे करी, तेच जगातल्या सर्वात आधुनिक विमानात, खऱ्या धातूत, करोडोंच्या खर्चाने. १३ जून २००६ रोजी कंपनीने नव्या विलंबाची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी मूळ कंपनी ईएडीएसचा शेअर २६ टक्क्यांनी कोसळला. २ जुलैला ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोर्जार आणि एअरबसचे प्रमुख गुस्ताव हुंबर्ट पायउतार झाले. त्यानंतर आलेले क्रिस्तियाँ स्ट्रेफ तीन महिन्यांत गेले. सिंगापूर एअरलाइन्सला पहिले विमान मिळाले ते १५ ऑक्टोबर २००७ रोजी, सुमारे दोन वर्षे उशिरा.

या प्रकरणाचे खापर आवृत्त्यांवर फोडणे सोपे आहे. पण चौथी आणि पाचवी जुळत नाही हे तिथल्या इंजिनिअरांना काही रातोरात कळले नव्हते. एअरबस चार देशांतल्या जुन्या कंपन्यांची मोट होती, आणि आपली प्रणाली सोडून दुसऱ्याची घेणे म्हणजे हार पत्करणे. बोइंगमध्ये २३८ टेबलांवर जे घडले, ते हॅम्बर्ग आणि तुलूझच्या मध्ये घडले नाही. बोइंगही आपला धडा लवकरच विसरले. ८ जुलै २००७ रोजी त्यांनी मोठा सोहळा करून ७८७ हे नवे विमान लोकांसमोर आणले. ते बहुतांशी पोकळ कवच होते, बरेचसे तात्पुरत्या बोल्टांवर उभे, आणि उडायला डिसेंबर २००९ उजाडले.

तोवर दुसऱ्याच एका वाटेने विमानांच्या कारखान्यात नवे पाहुणे शिरले होते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात चक हल हा इंजिनिअर टेबलांवरचा लेप अतिनील दिव्याने कडक करणाऱ्या कंपनीत काम करत होता. असे थर एकावर एक चढवले तर वस्तूच तयार होईल, हे त्याला सुचले, आणि रात्री बसून त्याने एक छोटा कप बनवला, डोळे धुवायचा. १९८६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. विमानवाल्यांनी हे तंत्र आधी नमुन्यांसाठीच वापरले: पडद्यावर काढलेला भाग उद्या सकाळी हातात घेऊन फिरवून बघायचा. रॅपिड प्रोटोटायपिंग हे नाव तिथले. एका अर्थाने हे मॉकअपचेच पुनरागमन होते, फक्त तुकड्यातुकड्याने आणि स्वस्तात.

मग लेसरने धातूची भुकटी वितळवून असेच थर छापता येऊ लागले, आणि नमुना आणि खरा भाग यांतली भिंत पडली. जनरल इलेक्ट्रिकला लीप इंजिनासाठी इंधनाचा असा नोझल हवा होता, ज्याच्या आतल्या वाटा गुंतागुंतीच्या असतील. वीस भाग जोडून तो करावा लागे. ओतकामाचे आठ प्रयत्न फसले. सिनसिनाटीजवळच्या मॉरिस टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीने तो कोबाल्ट-क्रोमच्या भुकटीतून एकसंध छापून दिला: अक्रोडाएवढा, २५ टक्के हलका. २०१२ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ती कंपनीच विकत घेतली. जनरल इलेक्ट्रिकनेच २०१३ मध्ये इंजिनाची एक ब्रॅकेट हलकी करून दाखवा अशी खुली स्पर्धा ठेवली, तेव्हा जगभरातून सुमारे ७०० आराखडे आले. पहिला आला इंडोनेशियातला एक तरुण, दोन किलोंहून जड ब्रॅकेट त्याने ३२७ ग्रॅमवर आणली होती. आणि अमेरिकी हवाई यंत्रणेने २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या ज्या पहिल्या छापील भागाला मान्यता दिली, तो होता जीई९०-९४बी इंजिनातल्या तापमापकाचे घर. हे इंजिन ७७७ चे.

या टप्प्यावर माणसे फार मोठे बोलू लागली. अमेरिकी हवाई दलासाठी बोइंग आणि साब यांनी आखलेले टी-७ प्रशिक्षण विमान संगणकावरच्या पहिल्या रेषेपासून ३६ महिन्यांत, डिसेंबर २०१६ मध्ये उडाले. भोके इतकी नेमकी की जुळणीचे तास ८० टक्क्यांनी घटले. २०१८ मध्ये कंत्राट मिळाले, आणि मग गाडी अडली ती वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीपाशी. लहानखुऱ्या वैमानिकापासून धिप्पाड वैमानिकापर्यंत सगळ्यांची मान शाबूत राहते का, हे रुळावरून सुसाट सोडलेल्या गाडीत पुतळे बसवूनच बघावे लागते. वेळापत्रक वर्षांनी लांबले आणि बोइंगने त्या कंत्राटावर एक अब्ज डॉलरहून जास्त गमावले. रॉकेटांतही तेच. रिलेटिव्हिटी स्पेस या कंपनीने ८५ टक्के छापलेले टेरन-१ रॉकेट मार्च २०२३ मध्ये सोडले. छापलेला सांगाडा कमाल दाबातून सहीसलामत गेला, पण दुसऱ्या टप्प्याच्या इंजिनाने दगा दिला आणि रॉकेट कक्षेत पोचले नाही.

आपल्याकडे इस्रोने हे काम बिनगाजावाजा केले. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यातले पीएस-४ इंजिन वर्षानुवर्षे घडाई आणि वेल्डिंगने होत होते. ते छपाईला योग्य होईल असे नव्याने आखले, तेव्हा १४ भागांचा एक झाला आणि वेल्डिंगचे १९ जोड गेले. पूर्वी एका इंजिनाला ५६५ किलो धातू लागे आणि त्यातला बहुतेक कातून टाकला जाई, आता १३.७ किलो भुकटी पुरते. इंजिन विप्रो थ्री-डीने छापले. तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला आधी चार छोट्या चाचण्यांत मिळून ७४ सेकंद ते पेटवले आणि ९ मे २०२४ रोजी सलग ६६५ सेकंद. जोड नाहीत म्हणजे जोड सुटण्याची भीती नाही, पण थरांच्या आत दडलेली एखादी पोकळी बाहेरून दिसत नाही. ती शोधायला पेटवून बघण्याला पर्याय अजून निघालेला नाही.

तीन आठवड्यांनी श्रीहरिकोट्याला चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचे छोटे रॉकेट उभे होते, आयआयटी मद्रासच्या आवारात वाढलेल्या कंपनीचे. त्याचे अग्निलेट इंजिन सगळे एका तुकड्यात छापलेले, ना वेल्डिंग, ना बोल्टचा जोड. आधीचे प्रयत्न थांबवावे लागले होते, आणि २८ मे रोजी ते पुन्हा अगदी शेवटच्या सेकंदांत थांबले. छापील इंजिनात काही बिघाड नव्हता. इग्नायटर तपासून घ्यायचा होता. ३० मे रोजी सकाळी ते उडाले.